टोमॅटोचं बी शिकतं का?

आमच्या ओरेगॉनमध्ये हिवाळा सरत आला की ठिकठिकाणी बियाण्यांची अदलाबदल भरते. एखाद्या लायब्ररीच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, त्यांवर कागदाची लहान लहान पाकिटं, पाकिटांवर हाताने लिहिलेली नावं. पैशाचा व्यवहार नाही. तुमचं द्या, दुसऱ्याचं घ्या. (आपल्याकडे शेजारणी-शेजारणी पिढ्यानपिढ्या हेच करत आल्या, फक्त त्याला कोणी 'इव्हेंट' म्हटलं नाही.) या टेबलांपाशी एक वाक्य हमखास कानावर पडतं : "हे टोमॅटोचं बी मी पाच वर्षं माझ्या परसात धरतोय. आता ते इथल्या हवेला चांगलं सरावलंय."

वाक्य मोठं गोड आहे, आणि बोलणारा खोटं बोलत नसतो. पण आमच्यातला इंजिनियर गप्प बसत नाही ना! सरावलं म्हणजे नेमकं काय झालं? गेल्या वर्षीच्या झाडाने थंडी सोसली, ती आठवण त्याने बियात कुठे लिहून ठेवली? मी इतकी वर्षं इथल्या गारठ्यात काढून त्याला सरावलो, पण माझ्या मुलीला ते सरावणं काही वारशाने मिळालेलं नाही. ती कुडकुडतेच.

हा प्रश्न वाटतो तितका परसबागेतला नाही. विसाव्या शतकात या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायी एका देशाची शेतीविद्या बुडाली आणि एक फार मोठा माणूस तुरुंगात उपाशी मेला. तिकडे येतोच. पण आधी टोमॅटो.

सरळ वाण म्हणजे ज्याचं बी धरून पुन्हा पेरलं तर तसंच झाड येतं ते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. आता टोमॅटो हे मूळचं दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, पेरू आणि इक्वेडोरकडचं झाड. तिथे आजही त्याचा रानटी भाऊबंद उगवतो, फळ जेमतेम वाटाण्याएवढं. तिथून ते उत्तरेकडे मेक्सिकोत गेलं, तिथे माणसाने त्याला मोठं केलं आणि 'तोमात्ल' या तिथल्या शब्दावरून त्याला नाव मिळालं. स्पॅनिश लोक ते युरोपात घेऊन गेले. इटलीत मात्तिओली नावाच्या वैद्याने 1544 साली त्याचं वर्णन केलं आहे. पुढे पोर्तुगीज, इंग्रज वगैरे मंडळींबरोबर ते आपल्याकडे आलं आणि काही भागांत 'वेलवांगी' झालं, तर काही भागांत 'भेदरं'.

गंमत अशी की हा प्रवास टोमॅटोसाठी भलताच अवघड होता. विषुववृत्तावर बारा महिने दिवस साधारण बारा तासांचा. आमच्याकडे जूनमध्ये तो साडेपंधरा तासांचा होतो. रानटी टोमॅटोला लांब दिवस मानवत नाहीत, फुलायला तो फार वेळ घेतो. उत्तरेकडच्या छोट्या उन्हाळ्यात असा वेळकाढूपणा करणारं झाड फळ पिकवायच्या आतच दहिवराने मरायचं. मग आजचा टोमॅटो सैबेरियातसुद्धा फळतो तो कसा?

याचं उत्तर अगदी अलीकडे मिळालं. 2016 साली जर्मनीत कोलोनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की लागवडीखालच्या टोमॅटोचं आतलं घड्याळ रानटी टोमॅटोपेक्षा हळू चालतं. झाडांनाही घड्याळ असतं, पानं हलवणं, साखर बनवणं वगैरे कामं ती त्यावर करतात. एका जनुकात लहानशी मोडतोड झाली, घड्याळ मंदावलं, आणि लांब दिवसांच्या प्रदेशात हा बिघाडच फायद्याचा ठरला. 2017 साली अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या प्रयोगशाळेने दुसरी गोष्ट दाखवली. लांब दिवसांत फुलणं रोखून धरणारा एक जनुक आहे, आणि लागवडीच्या टोमॅटोत त्याचा ब्रेक ढिला झालेला आहे.

म्हणजे बघा, टोमॅटो उत्तरेला काही नवं शिकून गेला नाही. त्याच्यातली दोन यंत्रं बिघडली म्हणून जाऊ शकला! आणि हे बिघाड थंडीने किंवा लांब दिवसांनी घडवले नव्हते. ते केव्हातरी आपोआप झाले, कुठल्याशा झाडात झाले. ज्याला त्या झाडाचं फळ लवकर मिळालं त्याने त्याचंच बी ठेवलं. दिवस लांब आहेत म्हणून बिघाड आला नाही, दिवस लांब होते म्हणून तो बिघाड टिकला. या दोन वाक्यांतला फरक कळला की निम्मं काम झालं.

आता दुसरी अडचण, आणि ही मला जास्त रंजक वाटते. रानटी टोमॅटोच्या बऱ्याच फुलांत कुक्षी परागकोशांच्या नळीबाहेर डोकावत असते. म्हणजे माशी यावी, दुसऱ्या झाडाचे पराग आणावे, अशी सोय. प्रवासात त्या ओळखीच्या माश्या मागे राहिल्या. मग ज्या झाडांची कुक्षी आखूड, जी स्वतःच्याच परागांवर भागवू शकतात, त्यांनाच भरपूर फळं धरणार. हळूहळू कुक्षी आत गेली आणि टोमॅटो जवळजवळ पूर्णपणे स्वतःशीच लग्न लावणारं पीक झालं. (यामागचा मुख्य जनुक 2007 साली सापडला.)

याची किंमत मोठी होती. स्वतःशीच संकर होत राहिला की दर पिढीला आतली विविधता निम्मी होते. शिवाय पेरूहून मेक्सिकोला मूठभर बी गेलं, मेक्सिकोहून युरोपात त्यातलं चिमूटभर. आज बाजारात लाल, पिवळे, जांभळे, पट्ट्यापट्ट्यांचे टोमॅटो दिसतात म्हणून आपल्याला वाटतं केवढी विविधता! पण जनुकांच्या पातळीवर ही सगळी सख्खी भावंडं. रानटी टोमॅटोच्या दोन झाडांत जेवढा फरक सापडू शकतो, तेवढा युरोपातल्या जुन्या वाणांत मिळून सापडत नाही.

आणि जिथे फरक नाही तिथे निवड कशाची करणार?

ही गोष्ट स्वतःच्या हातांनी आणि स्वतःच्या खिशातून शिकलेला माणूस म्हणजे ओहायोचा अलेक्झांडर लिव्हिंगस्टन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतले टोमॅटो चपटे, खाचाखाचांचे, अर्धे पोकळ असत. लिव्हिंगस्टनने ठरवलं, गोल, गुळगुळीत, भरीव टोमॅटो काढायचा. पद्धत तुम्ही-आम्ही वापरू तीच. शेतातलं सगळ्यांत सुंदर फळ निवडायचं, त्याचं बी ठेवायचं, पुढल्या वर्षी पेरायचं. वर्षानुवर्षं त्याने हे केलं. सुंदर फळाच्या बियांतून पुन्हा तेच वेडेवाकडे टोमॅटो!

शेवटी त्याने फळाकडे बघणं सोडलं आणि झाडाकडे बघायला लागला. शेतात एक झाड असं सापडलं की त्याची सगळीच फळं गुळगुळीत आणि एकसारखी, पण आकाराने लहान. त्याने त्या झाडाचं बी धरलं. पुढच्या वर्षी सगळी झाडं तशीच. मग काही वर्षं त्यातूनच निवड करत फळ मोठं केलं आणि 1870 साली 'पॅरागॉन' या नावाने वाण बाजारात आणला. त्यानंतर त्याच्या कंपनीने एकापाठोपाठ एक वाण काढले. 1893 साली त्याने हे सगळं पुस्तकात लिहून ठेवलं.

का जमलं? एकाच झाडावरचं मोठं फळ आणि छोटं फळ, दोन्हींच्या बियांतला वारसा एकच. मोठं फळ मोठं झालं ते त्याला ऊन जास्त लागलं म्हणून, खत जास्त मिळालं म्हणून. ते बियात उतरत नाही. वेगळं झाड मात्र खरोखर वेगळं असू शकतं. लिव्हिंगस्टनला जनुक हा शब्द माहीत असणं शक्यच नव्हतं, तो जन्मायला अजून अवकाश होता. 1903 साली डेन्मार्कच्या योहान्सनने घेवड्यावर हाच प्रयोग आकडेवारीनिशी केला : शुद्ध झालेल्या वंशात सर्वांत मोठा दाणा पेरा नाहीतर सर्वांत छोटा, पुढच्या पिढीची सरासरी तीच. सहा वर्षांनी, 1909 मध्ये, 'जीन' हा शब्द त्यानेच दिला.

म्हणजे 1909 पर्यंत आमच्या टेबलावरच्या वाक्याचा निकाल लागला होता असं म्हणायला हरकत नाही. पण विज्ञानाचे निकाल सगळीकडे लागू होतात असं थोडंच आहे!

रशियात निकोलाय वाविलोव्ह नावाचा माणूस होता. पिकं जिथे जन्मली तिथे त्यांची खरी विविधता सापडते, आणि उद्याच्या हवामानाला लागणारे गुण त्या विविधतेतूनच उचलावे लागतील, हा त्याचा विचार. त्यासाठी तो जगभर बी गोळा करत हिंडला. 1930 मध्ये मेक्सिको आणि मध्य अमेरिका, 1932-33 मध्ये दक्षिण अमेरिका. लेनिनग्राडच्या त्याच्या संस्थेत जगातला तेव्हाचा सर्वांत मोठा बियाण्यांचा साठा तयार झाला.

त्याच्यासमोर उभा राहिला त्रोफिम लिसेन्को. याचं म्हणणं, जनुक वगैरे भांडवलदारांच्या गप्पा आहेत. झाडाला योग्य परिस्थितीत वाढवा, ते त्या परिस्थितीचं होतं, आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो. म्हणजे थोडक्यात, बी शिकतं! वाविलोव्ह म्हणे दहा-बारा वर्षं लागतील. लिसेन्को म्हणे दोन-तीन वर्षांत करून दाखवतो. दुष्काळ अनुभवलेल्या देशात, घाईत असलेल्या स्टालिनला कोणाचं म्हणणं पटलं असेल हे सांगायला नको. ऑगस्ट 1940 मध्ये वाविलोव्हला अटक झाली. 26 जानेवारी 1943 रोजी सारातोव्हच्या तुरुंगात तो उपासमारीने गेला. जगाची भूक भागावी म्हणून बी गोळा करणारा माणूस! त्याच सुमारास वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याचे काही सहकारी तांदूळ-शेंगदाण्यांच्या पोत्यांची राखण करत उपाशी मेले. ते बियाणं होतं, त्यांनी ते खाल्लं नाही. आम्ही इथे बसून 'विज्ञाननिष्ठा' हा शब्द फार स्वस्तात वापरतो असं मला कधी कधी वाटतं.

1948 मध्ये लिसेन्कोचा अधिकृत विजय झाला आणि सोव्हिएत युनियनमध्ये जनुकशास्त्र शिकवणंच बंद पडलं. आता यात टोमॅटो कुठे आला? तर लिसेन्कोच्या गटाचा आवडता पुरावा टोमॅटोच होता! लाल टोमॅटोच्या खुंटावर पिवळ्या टोमॅटोचं कलम बांधा, खुंटाच्या रसाने कलमाचा वारसा बदलतो, त्याच्या बियांतून खुंटाचे गुण असलेली झाडं येतात, असे त्यांचे दावे होते. टोमॅटोचं कलम पटकन जीव धरतं, फळाचा रंग लगेच दिसतो, त्यामुळे प्रचाराला सोयीचं.

पूर्व जर्मनीत, म्हणजे सोव्हिएत छत्राखालीच, गाटर्सलेबेन नावाच्या खेड्यात हान्स स्टुब्बे हा शास्त्रज्ञ एक संशोधन संस्था चालवत होता. त्याने भाषण केलं नाही, टोमॅटोची कलमं बांधली. शुद्ध वंशाची झाडं घेतली, काटेकोर नोंदी ठेवल्या, परकं पराग येणार नाही याची काळजी घेतली, पुढच्या पिढ्या वाढवल्या. काही बदललं नाही. 1954 साली त्याने हे छापलं. त्या काळात, त्या देशात! पूर्व जर्मनीच्या विद्यापीठांत लिसेन्कोचं राज्य पुरतं आलं नाही, त्यात या माणसाचा मोठा हात होता. मॉस्कोत लिसेन्कोची सद्दी संपायला 1965 साल उजाडलं.

(जाता जाता : अलीकडे झाडाच्या अनुभवाचे काही ठसे डीएनएवर रासायनिक खुणांच्या रूपाने राहतात आणि क्वचित पुढच्या पिढीत जातात, असं दिसलं आहे. टोमॅटोत पिकण्याशी संबंधित असा एक बदल सापडलाही आहे. त्यावरून लगेच "लिसेन्को बरोबर होता" असं म्हणणारे लेख इंटरनेटवर येतात. पण त्या खुणा थंडी पडली म्हणून थंडीला उपयोगी अशाच उमटतात, असा काही सर्वसाधारण नियम सिद्ध झालेला नाही.)

बरं, मग हवामानाला जुळणारा टोमॅटो खरंच मिळवायचा कसा? यासाठी आमच्या दाराशीच उत्तम उदाहरण आहे. कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेंट याने 1944 साली दाखवून दिलं होतं की टोमॅटोची फळधारणा मुख्यतः रात्रीच्या तापमानावर ठरते. साधारण 15 ते 20 अंश सेल्सियस असेल तर फळं भरपूर. त्याच्या खाली बरंच गेलं की परागकण नीट बनत नाहीत, फार वर गेलं तरी तेच. ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात भर उन्हाळ्यातही रात्री 10-12 अंशांपर्यंत उतरतात. दिवसा झकास ऊन, झाड हिरवंगार, फुलं लगडलेली, आणि फुलं गळून जातात!

ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या जेम्स बॅगेट यांनी ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. पराग थंडीत निकामी होतो ना? मग परागाशिवायच फळ धरणारं झाड घेऊ! असा गुण 'सेवेरियानिन' नावाच्या टोमॅटोत होता. नावाचा अर्थ 'उत्तरेकडचा', आणि वाण चक्क रशियन. तो गुण वापरून 1980 च्या दशकात त्यांनी 'ओरेगॉन स्प्रिंग' हा वाण दिला. शीतयुद्ध ऐन भरात असताना रशियन जनुक अमेरिकन परसात गुपचूप फळं देत होता. सुरुवातीच्या गार दिवसांतली फळं जवळजवळ बिनबियांची असतात, हवा तापली की बिया भरायला लागतात. हा सरळ वाणच आहे, बी धरता येतं, फक्त बी मिळेपर्यंत धीर धरायचा. इथला टोमॅटो इथल्या थंडीत राहून हे शिकला नाही. तो गुण दुसरीकडे होता, तो आणावा लागला.

आपल्याकडेही वेगळं काही घडलेलं नाही. 'पुसा रुबी' हा सरळ वाण आठवत असेल. तो दिल्लीच्या संस्थेत 'सू' आणि 'इम्प्रूव्हड मीरूती' यांच्या संकरातून आला. मीरूती म्हणजे आपल्या मेरठकडचा. सू हा मात्र अमेरिकेतल्या नेब्रास्काचा, तिथल्या आदिवासींचं नाव घेतलेला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'धनश्री', 'भाग्यश्री' हेही सरळ वाणच.

पण मला सर्वांत अभिमान वाटतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपल्या उन्हाळ्यात पांढरी माशी येते, तिच्यासोबत पानं वळवून झाड खुरटवणारा लीफ कर्ल विषाणू येतो. लागवडीखालच्या कुठल्याच टोमॅटोत याला पुरेसं उत्तर नव्हतं. शेकडो वर्षं हे पीक आपल्या उन्हाळ्यात राहून 'सरावलं' नाही, कारण आत काही नव्हतंच. हिस्सारच्या कृषी विद्यापीठात कल्लू आणि बॅनर्जी या शास्त्रज्ञांनी अँडीज पर्वतातल्या एका केसाळ रानटी टोमॅटोशी संकर केला, तो पुन्हा पुन्हा लागवडीच्या टोमॅटोकडे वळवला, आणि 1990 साली 'एच-24' हा वंश जाहीर केला. त्यातला प्रतिकार देणारा जनुक 'टीवाय-2' या नावाने ओळखला जातो आणि आज जगभरच्या वाणांत वापरला जातो. अँडीजचं बी, हिस्सारची मेहनत, आणि फायदा आता कुठल्या कुठल्या देशांत!

मग परसात पाच वर्षं बी धरणारा माणूस काहीच मिळवत नाही का? तसंही नाही. बाजारातलं सरळ वाणाचं बी पुष्कळदा थोडंफार मिसळलेलं असतं, मधूनच एखाद्या फुलावर भुंगा दुसऱ्या वाणाचा पराग आणतो, टोमॅटोत हे शेकडा दोन-चार फुलांत होऊ शकतं. जे झाड तुमच्या अंगणात लवकर आणि निरोगी फळलं त्याचं बी तुम्ही ठेवता, तेव्हा या किरकोळ फरकांतून चाळण लागते. शिवाय तुमचं बी ताजं असतं आणि धरताना आजारी झाडं तुम्ही टाळता. पाच वर्षांत जाणवणारा बराचसा फरक इथून येतो. पण फरक जेवढा आत आहे तेवढाच बाहेर निघणार. शुद्ध वाणाची पन्नास वर्षं चाळण केलीत तरी गव्हातून गहूच.

खरोखर आपल्या हवेचा टोमॅटो करायची हौस असेल तर उलटी वाट आहे, आणि ती जरा चावट आहे. दुकानातला संकरित टोमॅटो घ्या, ज्याचं बी "पुन्हा पेरू नका" म्हणून सगळे सांगतात. ते पेरू नका म्हणतात कारण पुढच्या पिढीत झाडं एकमेकांसारखी येत नाहीत. अहो, पण आपल्याला तेच हवंय! वीस-पंचवीस रोपं लावा, त्यांतली जी तुमच्या पावसात, तुमच्या मे महिन्याच्या रात्रींत तगतील त्यातलं एक झाड (फळ नव्हे, झाड!) निवडा, त्याचंच बी पुढे न्या. पहिल्या पिढीत जेवढी मिसळ होती ती दर पिढीला निम्मी होते. सहा वेळा निम्मी केली की चौसष्टावा भाग उरतो, म्हणजे दीड टक्का. तेवढ्यात तुमचा स्वतःचा सरळ वाण तयार. आम्हांला इथे वर्षाला एकच पीक मिळतं, त्यामुळे सहा-सात वर्षं जातात. नारायणगावकडे वर्षातून दोनदा लागवड करता येते, तुमचं काम तीन-साडेतीन वर्षांत होईल.